पांढऱ्या गाडीचं काळं चाक

आमच्या घरची गाडी पांढरी आहे. सेकंडहँड. बाबा ती भाड्यानं चालवतात. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर हा तिचा ठरलेला रस्ता आणि बहुतेक फेऱ्या पेशंटच्या. कुणाला सावंगीला न्यायचं, कुणाला सेवाग्रामला, कुणाला थेट नागपूरला. मधूनच एखादं लग्नाचं बुकिंग येतं. त्या दिवशी बाबा खुश. पैसे जरा बरे मिळतात, वरून पंगतही घडते. अट एकच, गाडी चकाचक पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात असंच एक बुकिंग आलं. रविवारी सकाळी नवरदेवाला घेऊन निघायचं होतं. शनिवारी गाडी धुवायचं काम माझ्याकडे. मास कॉमची परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे ‘अभ्यास आहे’ हे कारणही चाललं नसतं. बॉडी अर्ध्या तासात चमकली. चाकांनी मात्र अंत पाहिला. पुढच्या दोन्ही ॲलॉय व्हीलवर काळपट, मधूनच तांबूस थर. शाम्पूनं हटेना, कपड्यांच्या पावडरीनं हटेना. भांड्यांची तारेची घासणी घेतली तर ओरखडे उठायला लागले. शेवटी बाथरूममधली टॉयलेट क्लीनरची बाटली आणली. जे फरशीवरचे डाग काढतं ते चाकावरचे का नाही काढणार, असं माझं लॉजिक!

उजव्या चाकाच्या दोन दांड्यांवर ते ओतून पाहिलं. फेस आला, नाकाला झोंबणारा वास आला. पाच मिनिटांनी पाणी मारलं तर काळं बरंचसं गेलेलं आणि त्या जागी पांढुरके, ढगाळ डाग. चमकच उडाली होती. मी रडकुंडीला आले. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, “जाऊ दे पोरी. लोकं नवरदेवाकडे पाह्यतीन, चाकाकडे कोण पाह्यते?” झेंडूचे हार जरा खालपर्यंत सोडले आणि गाडी गेली.

पण चाकाकडे पाहणारं कुणीतरी भेटलंच. सोमवारी डाग निघतात का विचारायला मी शहराबाहेरच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी नेली. तिथे काम करणारा मुलगा माझ्याहून लहान. सकाळी गाड्या धुतो, दुपारी कॉलेज, बीएचं दुसरं वर्ष. डागांवर बोट फिरवून तो म्हणाला, “हे निघत नाही ताई. ॲसिडनं वरचं कोटिंगच खाल्लं.” मग तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि खाली बसला. “डाग राहू द्या. हे डावं चाक उजव्यापेक्षा एवढं काळं कायले आहे? मिस्त्रीले दाखवून घ्या.”

मिस्त्रीनं चाक खोललं. ब्रेकच्या कॅलिपरची पिन गंजून जाम झाली होती. पाय पेडलवरून काढला तरी डाव्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता, सतत घासत होता. आतल्या बाजूचं पॅड त्यानं माझ्या हातावर ठेवलं. घासायचं मटेरियल जवळपास संपलं होतं, मागची लोखंडी पट्टी दिसायला लागली होती. मंगळवारी याच गाडीतून एका पेशंटला नागपूरला न्यायचं होतं. आणि आदल्या दिवशी नवरदेव, करवली आणि दोन लहान पोरं याच ब्रेकच्या भरवशावर गेली होती. चाक आम्हाला काहीतरी सांगत होतं आणि मी ते पुसायच्या मागे लागले होते.

तेव्हापासून या काळ्या पावडरीचा पिच्छा पुरवला. मिस्त्रीला विचारलं, त्या मुलाला विचारलं, वाचलं. जे कळलं ते तुमच्यासाठी. घरी कार नसली तरी वाचा. तुमच्या बाइकच्या पुढच्या चाकालाही डिस्क ब्रेक असेलच की.

ही पावडर येते कुठून?

डिस्क ब्रेक हा आपल्या सायकलच्या ब्रेकचाच मोठा भाऊ. चाकासोबत एक तबकडी फिरते. पेडल दाबलं की कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड त्या तबकडीवर दाबतो. गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि गाडी थांबते. घाटात किंवा हायवेवर जोरात ब्रेक मारला तर तबकडी शेकडो अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. या घासाघाशीत पॅड झिजतं आणि तबकडीही झिजते. पॅडमध्ये रेझिन, ग्रॅफाइट, पोलादाचे तंतू, काहींमध्ये तांबं असं बरंच काही असतं. तबकडी असते बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. म्हणून चाकावर जी पावडर बसते तिच्यात लोखंडाचा वाटा मोठा असतो.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. पांढऱ्या कापडानं चाक पुसा, पावडर कागदावर झटका आणि कागदाखालून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवा. काळे कण चुंबकामागे पळतात. मी हे आईला दाखवलं तर ती म्हणाली, “मंग तू लोखंड घासून राह्यली होती होय?” अगदी बरोबर!

आपल्या जिल्ह्यात गाडी काळी व्हायला कारणं कमी नाहीत. वावरातून आली की काळ्या मातीचा चिखल. वणीकडून आली की कोळशाची धूळ. पण ही दोन्ही साध्या पाण्यानं आणि शाम्पूनं निघतात. ब्रेकची पावडर निघत नाही, कारण ती गरमागरम उडते, चाकाच्या वरच्या पारदर्शक कोटिंगवर आदळते आणि तिथेच रुतते. वर दव पडलं, पाऊस पडला की रुतलेले लोखंडी कण गंजतात. मग काळ्यात तांबूस ठिपके दिसायला लागतात. असे कितीतरी दिवस गेले की थर भाजल्यासारखा पक्का होतो. म्हणून दर आठवड्याला पाच मिनिटं दिली तर जे नुसत्या शाम्पूनं निघतं, ते सहा महिन्यांनी तासभर घासूनही हटत नाही.

पुढचीच चाकं जास्त का काळी होतात? एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभे असलेले सगळे पुढे झुकतात ना, तसंच गाडीचं वजनही पुढे झुकतं. थांबवायचं जास्त काम पुढच्या ब्रेकला करावं लागतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांचीही पावडर होते, पण ती बंद ड्रमच्या आत राहते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं.

चाक वाचायला शिका

आता मुद्द्याचं. पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी असतील तर सहसा चिंता नाही, ब्रेक आपलं काम करताहेत. पण पुढच्या दोन चाकांपैकी एकच जास्त काळं होत असेल तर तिथला ब्रेक अडकत असू शकतो. आमचं तसंच झालं. गाडी चालवून आल्यावर त्या चाकाजवळ हात नेला (लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा) तर दुसऱ्यापेक्षा जास्त धग जाणवते. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जाते. ॲव्हरेजही कमी पडू शकतं.

उलटही होऊ शकतं. एक चाक काळं होतं आणि जोडीचं दुसरं स्वच्छच राहतं, तेव्हा कदाचित त्या स्वच्छ चाकाचा ब्रेक नीट लागतच नसेल. चाकाच्या आतून ओला, तेलकट ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. आणि ब्रेक मारताना ‘ची’ असा धातूचा आवाज यायला लागला तर पॅड संपत आल्याची ती सूचना असते. कित्येक पॅडना त्यासाठीच एक छोटी पत्ती लावलेली असते. मटेरियल साधारण 3 मिलिमीटरवर आलं की पॅड बदलतात, असं मिस्त्री सांगतात.

यातलं काहीच अवघड नाही. फक्त धुण्याआधी एकदा चारही चाकांकडे पाहायचं. धुतल्यावर पुरावा जातो.

मग काढायचं कसं?

आधी पाण्याचा प्रश्न. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळ शहरानं टँकरच्या रांगा पाहिल्या. तेव्हा मी शाळेत होते. रात्री ड्रम भरायला उठल्याचं आठवतं. त्यामुळे पाइप मोकळा सोडून गाडी धुणं आमच्याकडे पापच आहे. चार चाकांना मला दोन बादल्या पुरतात.

पहिली पायरी, चाक थंड होऊ द्या. प्रवासातून आल्या आल्या पाणी मारू नका. तापलेल्या तबकडीवर एकदम थंड पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते, मग ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मे महिन्यात तर सावलीतच धुवा, कारण उन्हात साबण मिनिटभरात वाळतो आणि त्याचेच डाग पडतात.

दुसरी पायरी, मगानं पाणी ओतून सुटी धूळ खाली घालवा. कोरडं चाक फडक्यानं रगडलं तर तेच लोखंडी कण पॉलिश पेपरसारखे ओरखडे काढतात.

तिसरी पायरी, कार शाम्पू आणि मऊ ब्रश. दांड्यांच्या मागे रंगाचा जुना ब्रश छान जातो, नटांच्या खाचांत जुना टूथब्रश. एक एक चाक घ्या, घासा, लगेच पाणी ओता. चाकांची बादली आणि फडकं वेगळं ठेवा. चाकाचं फडकं बॉनेटवर फिरवलं तर रंगावर बारीक रेघा कायमच्या.

एवढ्यावर बरंचसं निघतं. जे उरतं त्याच्यासाठी चौथी पायरी. ऑटो ॲक्सेसरीजच्या दुकानात ‘आयर्न रिमूव्हर’ किंवा व्हील क्लीनर मिळतो. त्यात बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायला आणि केस काढायच्या क्रीममध्ये याच कुटुंबातली रसायनं असतात. म्हणून बाटली उघडली की तो ओळखीचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. हे रसायन रुतलेल्या लोखंडाला धरतं, त्याच्याशी संयोग पावून पाण्यात विरघळणारा पदार्थ तयार करतं आणि त्याचा रंग जांभळा असतो. फवारा मारल्यावर तीन-चार मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी व्हिडिओच काढत बसले. ते चाकावर वाळू द्यायचं नाही, बाटलीवर लिहिलेल्या वेळात धुवून टाकायचं. हातमोजे घालायचे, मोकळ्या हवेत काम करायचं आणि लहान भावंडांना लांब ठेवायचं.

तरीही खरखर लागत असेल तर क्ले बार मिळतो, रबरी मातीसारखा गोळा. चाकावर भरपूर साबणपाणी ठेवून तो हलक्या हातानं फिरवला की उरलेले कण ओढून घेतो. शेवटी सुती कापडानं कोरडं पुसा. कापसाच्या जिल्ह्यात राहतो आपण, जुनी सुती बनियन किंवा धोतराचा तुकडा घरोघरी असतो. आणि बोअरचं पाणी जड असेल तर पुसणं चुकवूच नका, वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात.

ॲसिड, डिझेल आणि इतर शॉर्टकट

माझी चूक तुम्ही करू नये म्हणून सांगते. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲलॉय व्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. ॲसिड आधी कोटिंग खातं, मग धातूला लागतं. कोटिंग गेलेल्या जागी पुढची पावडर आणखी पटकन रुतते. म्हणजे एका दिवसाच्या चमकेसाठी कायमचा ताप.

दुसरा शॉर्टकट डिझेल किंवा रॉकेलचा. फडकं भिजवून फिरवलं की चाक काळंभोर, चकचकीत दिसतं. पण त्याचे थेंब तबकडीवर किंवा पॅडवर गेले तर ब्रेक घसरतो. पॅडनं एकदा तेल प्यायलं की बहुतेक वेळा ते बदलावंच लागतं. टायर पॉलिश, वॅक्स, सिलिकॉन स्प्रे यांचंही तसंच. बाइकवाल्या दोस्तांनो, चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर फडकं टाका. डिस्क चमकवण्याच्या नादात तिच्यावर पॉलिश तर चुकूनही लावू नका. तिचं काम घासण्याचं आहे.

धुतल्यावर तासाभरात तबकडीवर केशरी गंज दिसला तर घाबरू नका. उघडं लोखंड ओलं झालं की तसं होतंच, दोन-चार वेळा ब्रेक मारला की जातं. गाडी काढताना मात्र सुरुवातीला हळू चालवत दोनदा ब्रेक दाबून पाहा. ओला ब्रेक पहिल्या दाबाला कच खातो.

श्वास कुणाचा?

इथपर्यंत चाकाचं झालं. पण चाकावर न बसलेली पावडर कुठे जाते? हवेत आणि नालीत. यातले कितीतरी कण इतके बारीक असतात की थेट फुप्फुसात उतरतात. आपल्याकडे 2020 पासून बीएस-6 नियम आले, त्यांचा भर आहे सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर. युरोपियन युनियननं 2024 मध्ये मंजूर केलेल्या ‘युरो 7’ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या कणांनाही मर्यादा घातली. साध्या पेट्रोल-डिझेल कारला किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, बॅटरीवरच्या कारला 3 मिलिग्रॅम. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी 2010 मध्येच कायदे करून पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्यानं कमी करायला लावलं, कारण ते पावसासोबत ओढ्या-नद्यांत उतरतं आणि माशांना बाधतं. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करताना मोटरच उलटी वीज तयार करते, म्हणून पॅड कमी झिजतात. हा तिचा फारसा न सांगितला जाणारा फायदा.

पण ही पावडर सगळ्यात जवळून कोण घेतं? वॉशिंग सेंटरवरचा तो मुलगा. त्याच्या बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. विचारलं तर म्हणाला, “साबणात हातमोजे सरकते ताई, काम होत नाही. गाड्या लाइनीत उभ्या राह्यते.” ब्रेक साफ करायचा म्हणजे कॉम्प्रेसरची हवा मारायची, हे तो इतरांचं पाहून शिकला. हवेच्या एका झोतानं चाकात साठलेली सगळी पावडर तोंडासमोर उडते. जुन्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये तर ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं आणि त्याचे तंतू कॅन्सरला कारण होतात हे जगभर मान्य झालेलं आहे. मग कितीतरी मिस्त्रींनी आयुष्यभर काय ओढलं असेल? आजही ब्रेकची धूळ कोरडी उडवायची नसते. ओली करायची आणि पुसून घ्यायची.

गिऱ्हाईक म्हणून आपण एवढं तरी म्हणू शकतो, ‘दादा, चाकाला हवा मारू नका, ॲसिड नको, वेळ लागला तरी चालेल.’ हे मी त्याला म्हटलं तेव्हा तो हसला. “वेळ घ्या म्हणणारं गिऱ्हाईक पह्यल्यांदा पाह्यलं.” त्यालाही ठाऊक होतं की ॲसिडनं चाक खराब होतं. लवकर, लवकर करत आपणच ते मागून घेतो.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

• धुण्याआधी पुढच्या दोन चाकांची तुलना करा. फरक दिसला तर आधी मिस्त्री, मग शाम्पू.
• चाक थंड, जागा सावलीची, बादली वेगळी.
• ॲसिड, तारेची घासणी, डिझेल, रॉकेल नको.
• डिस्क आणि पॅडवर पॉलिश, वॅक्स, तेल काहीही नको.
• आयर्न रिमूव्हर वापरताना हातमोजे हवेतच. चाकावर वाळू देऊ नका.
• कोरडी पावडर फुंकू नका, उडवू नका.
• निघताना हळू वेगात दोनदा ब्रेक दाबून पाहा.

आमच्या उजव्या चाकाचे ते दोन डाग अजून तसेच आहेत. रंगवून घ्यायचा खर्च सध्या परवडत नाही. पण घरात एक नवी सवय लागली आहे. लांबच्या फेरीआधी बाबा पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे घेतात, थोडं पाणी लावून एक डाव्या चाकावर फिरवतात, एक उजव्या. मग अंगणातल्या उजेडात दोन्ही शेजारी धरून पाहतात. परवा पहाटे पाच वाजता सावंगीचा पेशंट होता. मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा मोबाइलचा टॉर्च लावून तेच करत होते.

“दोन्ही सारखेच आहेत पाय,” म्हणाले आणि चहा घेऊन निघाले.